व्याधाचा जोडीदार

माणसं कमी होत गेली की किस्से वाढत जातात, असा माझा अनुभव आहे. सगळे होते तेव्हा कुणी किस्सा सांगत नव्हतं. सांगायचा कुणाला? जो तो त्यात होताच! आता आमच्या कंपूतला मी एकटाच बऱ्यापैकी चालता-बोलता उरलोय, त्यामुळे सगळ्यांचे किस्से माझ्या गळ्यात येऊन पडलेत. तुम्ही चहा पाजताय, ऐकायला बसलाय, तर सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. मला आताशा नेमकं कुठं हसायचं ते कळत नाही.

आमचा कंपू म्हणजे मुकुंदवाडीचे ‘तारेवाले’. नाव लोकांनी ठेवलेलं, आणि ते काही कौतुकानं नव्हे! स्टेशनजवळ काळे सरांचं घर होतं. दर शनिवारी दिवेलागणीनंतर त्यांच्या गच्चीवर जमायचं आणि आभाळाकडं बघायचं, एवढाच उद्योग. काळे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सलीमभाईंचं जुन्या शहरात चष्म्याचं दुकान होतं. साळवे, जाधव आणि मी चिकलठाण्याच्या एकाच कंपनीत होतो. साळवे ग्राइंडिंगला, जाधव फॅब्रिकेशनला, मी स्टोअरला. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. कंपन्या भराभर येत होत्या आणि खेड्यातनं आलेल्या आमच्यासारख्यांच्या कपड्यांना पहिल्यांदाच ऑइलचा वास यायला लागला होता.

*

मी धनगर. आमचं गाव वेरूळच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. काळे सरांनी मला कंपूत घेतलं ते केवळ तेवढ्यासाठी. "पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर झोपणारी माणसं! ह्याला सगळं आभाळ पाठ असणार!" असं त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. पहिल्याच शनिवारी बाकीच्यांना सतरंजीवर बसवलं आणि मला मध्ये उभं केलं.

"सांग बिरू, तुमच्यात ह्या ताऱ्याला काय म्हणतात?"

मी वर बघितलं. लई तारे होते. मी म्हणालो, "सर, आमी मेंढरं बघायचो. वर बघत बसलो असतो तर खालची लांडग्यानं नेली असती!"

सर हिरमुसले, पण हार मानणारा माणूस नव्हता तो. पुढं माझा बाप गावाकडनं आला तेव्हा त्याला मुद्दाम गच्चीवर नेलं, खुर्ची दिली, चहा दिला. "बाबा, तुमच्यात ह्याला काय म्हणतात?"

बापानं बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाला, "आमच्यात म्हनत्यात, मास्तरला इचारा!"

*

साळवेचं नाव दामोदर. हात अतिशय नाजूक चालायचा, तोंड जवळजवळ चालायचंच नाही. त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती, आणि ती बसवली सरांनीच.

एका थंडीत सरांनी व्याधाकडं बोट केलं. "हा आपल्या रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. आपल्या अगदी शेजारचा म्हटलं तरी चालेल. पण हा एकटा नाही, ह्याला एक जोडीदार आहे. आकारानं आपल्या पृथ्वीएवढा आणि वजनानं सूर्याएवढा! जळून जळून विझत आलेला तारा. त्यातला काडेपेटीएवढा तुकडा तुमच्या कंपनीत आणला ना, तर तुमची क्रेन मोडेल!"

"मंग दिसत का नाय?" साळवेनं विचारलं.

"व्याधाच्या उजेडामुळं. शेजारी एवढं झगझगीत असल्यावर ह्याच्याकडं कोण बघतं?"

साळवे व्याधाकडंच बघत राहिला. सर पुढं मृगाकडं, काक्षीकडं गेले, तो लालभडक म्हातारा तारा कधी फुटेल याचा नेम नाही वगैरे सांगून झालं. आम्ही खाली उतरायला लागलो तेव्हा साळवे म्हणाला, "सर, मला त्योच बघायचाय. जोडीदार."

सरांनी समजावलं. निदान आठ इंची आरशाची दुर्बीण हवी, हवा स्थिर हवी, आणि मुख्य म्हणजे वेळ गाठली पाहिजे. दोघं एकमेकांभोवती पन्नासेक वर्षांत एक फेरी मारतात. सध्या जोडीदार लांबात लांब गेलाय म्हणून थोडीफार आशा आहे. आणखी दहा-बारा वर्षांत तो आत सरकेल, व्याधाच्या उजेडात बुडेल. मग आपल्या हयातीत विसरा!

साळवेनं सलीमभाईंमार्फत मुंबईहून जाड काचेच्या दोन गोल चकत्या मागवल्या आणि कामाला लागला. वाळूनं भरलेलं ऑइलचं पिंप, त्यावर एक चकती, तिच्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी, वर दुसरी चकती. ढकलायची, ओढायची, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. महिनोन्‌महिने हेच. वरची काच हळूहळू मधून खोल होत जाते आणि तिचाच आरसा होतो. आरसा जितका खोल, तितकी त्याला नळी आखूड लागते.

शेजारच्या म्हातारीला वाटलं, साळवेनं गिरणी टाकली. एक दिवस ती ज्वारीचा डबा घेऊनच आली. "दळून मिळंल का रं?"

"मावशी, ह्यात काच दळती फक्त."

म्हातारी त्याच्या बायकोकडं वळली. "मंग गं बाई, तुमी खाताव काय?"

*

काळे सरांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस आणि सगळ्यात वाईट दिवस एकाच संध्याकाळी आले.

मे महिना. आग्नेयेला वृश्चिक उगवत होता. आणि ज्येष्ठेच्या शेजारी, जिथं नकाशात काही म्हणजे काही नाही, तिथं एक तांबूस तारा! सरांनी नकाशा दोनदा उलटासुलटा करून बघितला. "नवतारा! अरे, कुठंतरी तारा फुटलाय! आणि तो मुकुंदवाडीतनं दिसतोय!" त्यांनी वेधशाळेला करायच्या तारेचा मजकूर तोंडानं जुळवायला सुरुवात केली. सलीमभाई टोपी सावरून म्हणाले, "सर, नाम अपने औरंगाबाद का रखो."

तेवढ्यात साळवे जिना चढून आला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं जाधवला सोबत आणलं होतं. जगन्नाथ जाधव, त्याच्याच गावचा, त्याच्याच वर्गातला. साळवे कुणाशी बोलायचा नाही, पण जाधवशी बोलायचा. जाधव दोघांच्या वाटचं बोलून घ्यायचा. घरची पन्नास एकर सोडून कंपनीत आला होता, ते केवळ मशिनच्या वेडापायी.

सरांनी त्याला ओळखदेख व्हायच्या आधीच कठड्याशी ओढलं. "बघा! बघा! इतिहास बघा!"

जाधवनं बघितलं. "त्यो व्हय? त्यो मी बसिवलाय!"

"काय?"

"आमच्या कंपनीच्या नव्या टाकीवरचा दिवा हाय त्यो, सर. आजच वेल्डिंग केलं. इमानाला दिसावा म्हणून."

आम्ही तासभर वाट बघितली. ज्येष्ठा वर चढली, नवतारा होता तिथंच राहिला. सर मग एवढंच म्हणाले, "बरं झालं तार केली नाही."

भरपाई म्हणून जाधवनं दुर्बिणीची नळी करून द्यायचं कबूल केलं. आणि काय नळी केली! पत्रा रोलवर वळवून, कडा घासून, आतून काळा रंग. साळवेच्या आरशाला केसाचाही फरक पडणार नाही अशी. साळवेचा आरसा पॉलिशला आला होता. राहिला होता तो फक्त चांदीचा मुलामा. पाऊस संपला की मुलामा, आणि थंडीत व्याध. सगळं ठरलं होतं.

*

आता तो पावसाळा सांगतो. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

आमच्या कंपूची एक पद्धत होती. काही तारे तेजानं कमी-जास्त होतात. मायरा म्हणून एक तारा आहे, तो काही महिने डोळ्यांना दिसतो, काही महिने पार गडप! जो शनिवारी यायचा नाही त्याला आम्ही ‘मायरा’ म्हणायचो. तर अशा ताऱ्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून सांगायचं असतं. पण सरांनी आकडा आधी सांगितला की सगळे त्यांचीच री ओढायचे. म्हणून सरांनी नियम केला होता, की जो कंपूत सगळ्यात शेवटी आला त्यानं आधी बोलायचं. मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. सर सगळ्यात शेवटी. नियमाचा आम्हाला फार अभिमान होता.

त्या शनिवारी आभाळ गच्च भरलेलं. बघायला काहीच नाही. साळवेनं आरसा दाखवायला आणला होता, तो सतरंजीवर टॉवेलात ठेवलेला. शहरात तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराशिवाय दुसरा विषय नव्हता. मोर्चे, सभा, पत्रकं. हॉटेलात चहा प्यायला माणूस कुठल्या टेबलावर बसतो, त्यावरनं त्याचं मत ओळखायचे दिवस!

सर सहज म्हणाले, "आपण शास्त्राची माणसं आहोत. लोक ओरडून बोलतात, आपण पद्धतीनं बोलू. विद्यापीठाचं नाव बदलावं का नाही? करा सुरुवात. सगळ्यात नवा कोण?"

सगळ्यात नवा जाधव.

साळवेनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मी एवढ्या वर्षांत साळवेला कुणाकडं असं बघताना पाहिलं नव्हतं. मुलं निकालाच्या दिवशी बघतात तसं.

जाधवनं आभाळाकडं हात केला. "ढग हायेत सर. मला तर कायच दिसंना!"

आम्ही हसलो. सर हसले, सलीमभाई हसले, मीही हसलो. जाधव मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, सुटलो!

"पुढचा," सर म्हणाले. "साळवे."

साळवेनं आरसा टॉवेलात गुंडाळला, काखेत धरला आणि जिन्याकडं गेला. "झाली माझी पाळी," म्हणाला, आणि उतरला.

त्यानंतर माझी पाळी होती. ती आलीच नाही.

*

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. साळवे आणि जाधवचं गाव अजिंठ्याच्या अलीकडं. नाव सांगत नाही. जाधवांचा मळा पांदीच्या अल्याड, साळव्यांची वस्ती पल्याड. साळवेच्या बापाचं घर जाळलं. म्हातारा-म्हातारी उसात लपली म्हणून वाचली. जाळणाऱ्यांत जाधवचे दोन चुलते होते, आणि हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं.

जाधव त्या दिवशी इथं सेकंड शिफ्टला होता. मीच त्याला स्टोअरमधनं वेल्डिंग रॉड काढून दिले होते.

साळवे बऱ्याच दिवसांनी कामावर आला. कॅन्टीनमध्ये एकटाच कोपऱ्यात बसला. जाधव आपलं ताट घेऊन गेला आणि त्याच्या समोर बसला. सगळं कॅन्टीन एकदम चमचे न वाजवता जेवायला लागलं.

"दामू, मी नव्हतो तिथं. आईची शप्पत."

साळवेनं घास गिळला, पाणी प्यायला. आजवर जगू म्हणायचा, त्या दिवशी पहिल्यांदा आडनावानं बोलला.

"ठाऊक हाय, जाधव. तू कुठंच नव्हतास."

जाधवनं ताट तसंच ठेवलं. त्याच आठवड्यात तो सरांच्या गच्चीवरनं नळी उचलून आपल्या घरी घेऊन गेला. म्हणजे आरसा साळवेकडं, विद्यापीठाच्या डोंगराखाली, आणि नळी जाधवकडं, मुकुंदवाडीत. मधे अख्खं शहर. शनिवारी आम्ही तिघंच जमायला लागलो. मायरा म्हणून कुणी कुणाला चिडवलं नाही.

*

त्याच दिवसांतली सलीमभाईंची एक गंमत. गंमतच म्हणायची.

रस्त्यारस्त्यावर पोलीस होते. ढगांना जराशी भेग पडली म्हणून सर आणि सलीमभाई गच्चीवर चढले. अंधारात नकाशा वाचायचा तर पांढऱ्या दिव्यानं डोळे दिपतात, म्हणून आम्ही बॅटरीला आकाशकंदिलाचा तांबडा कागद लावायचो. खालनं पोलिसांनी बघितलं, तर गच्चीवर लाल दिवा लागतोय, विझतोय! चौघंजण धाडधाड वर आले.

"कुणाला सिग्नल देताय?"

सर घाबरून तत्‌-पप्‌ करायला लागले आणि त्यांनी डोक्यावरच्या अभिजित ताऱ्याकडं बोट केलं. साहेब आणखीच भडकला. तेव्हा सलीमभाई पुढं झाले.

"साब, उदर सिग्नल पहुँचने को छब्बीस साल लगते. जवाब आने को और छब्बीस. तब तक आपकी पेन्शन भी खतम हो जाएगी!"

साहेब हसला म्हणून निभावलं. पण जाताना एक शिपाई मागं रेंगाळला. सलीमभाईंना हळूच विचारतो, "चाचा, तिथं वर शांत असंल ना?"

सलीमभाई म्हणाले, "दूर से सब शांतच दिखता, बेटा."

*

वर्षं गेली. वाळूजला कंपन्या आल्या आणि पश्चिमेचं आभाळ दिव्यांनी धुरकट झालं. आधी बारीक तारे गेले, मग मध्यम. तक्रार कुणाकडं करायची? त्याच दिव्यांखाली आमची पोरं नोकरीला लागली होती!

मग तो प्रसिद्ध धूमकेतू आला. ज्यानं कधी चंद्राकडं मान वर केली नव्हती तोही सरांना येऊन विचारायला लागला, "मास्तर, शेपटी कुठं दिसंल?" सरांनी मला साळवेकडं पाठवलं. "त्याला म्हणावं, धूमकेतूसाठी तरी आरसा दे. आणि हेही सांग, की जोडीदार आत सरकायला लागलाय. अजून दोन-चार वर्षं आहेत. फार तर."

मी साळवेच्या गल्लीत शिरलो आणि लांबूनच तो आवाज ऐकला. खर्रर्र... खर्रर्र... दारातनं बघतो तर पिंप, वाळू, पाणी, आणि पिंपाभोवती साळवे.

"अरे, आरसा तयार झाला होता ना!"

"तवा झाला होता."

"पॉलिश झालेल्या काचेवर परत कुरुंद? अरे वेड लागलं का? मग परत कशाला घासतोस?"

"झोप येत नाय."

आतनं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा आता. काच संपंल, पर ह्यांचा राग नाय संपायचा."

मी धूमकेतूचं काढलं. साळवे म्हणाला, "परत कधी येणार त्यो?"

"शहात्तर वर्षांनी!"

"मंग काय घाई हाय?"

शेवटी मी जोडीदाराचं सांगितलं. सर जसं म्हणाले तसंच. साळवेचे हात थांबले. थोडा वेळ ती काच तशीच काचेवर राहिली. मग त्यानं वाडग्यातनं चिमूटभर कुरुंद घेतला, काचेवर टाकला आणि ढकलायला लागला.

मी बाहेर आलो तर गल्लीच्या तोंडाशी जाधव सायकल धरून उभा. मी इथं येणार हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. त्यानं माझे हात रिकामे आहेत हे बघितलं आणि सायकलवर टांग टाकली.

*

सरांचा शेवटचा किस्सा.

अल्गोल नावाचा एक तारा आहे. दर तिसऱ्या दिवशी काही तास मंद होतो, कारण त्याचा एक अंधूक सोबती त्याच्या आड येतो. म्हणजे ग्रहणच. सलीमभाई त्याच्याकडं बघायचे नाहीत. "अम्मी बोलते थे, शैतान की आँख है वो."

एका शनिवारी सर म्हणाले, "आज अल्गोल मंद आहे." पुढच्या शनिवारी, "आजही मंद आहे." त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. सलीमभाईंनी बोटांवर हिशेब केला. "सर, आज तो ग्रहण का दिन नहीं." मग काय वाटलं, त्यांनी बॅटरी काढली, सरांची हनुवटी धरली आणि डोळ्यात उजेड टाकला. चष्म्याच्या दुकानात जन्म गेलेला माणूस! बॅटरी विझवून म्हणाले, "तारा तो ठीक है, सर."

सर म्हणाले, "म्हणजे ग्रहण मला लागलंय!"

हसलो आम्ही. नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते काही बरं झालं नाही. तरी सर शनिवारी खुर्ची गच्चीवर न्यायला लावायचे. "बिरू, सांग काय काय दिसतंय." आभाळात वाळूजच्या दिव्यांशिवाय फार काही नसायचं. पण म्हाताऱ्याला काय सांगणार? मी सांगायचो, कृत्तिका दिसतायत सर, आकाशगंगा दिसतीय सर, सप्तर्षी दिसतायत सर.

सर बराच वेळ ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "बिरू, दिवाळी झाली ना रे? ह्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी उगवलेलेच नसतात."

मग माझ्या हातावर थोपटलं. "चालू दे. छान सांगतोस."

सर गेले तेव्हा साळवे खांदा द्यायला आला होता. जाधवही आला होता. एक पुढं, एक मागं.

*

आता हा शेवटचा.

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय शेवटी पंधरा-सोळा वर्षांनी झाला, तो संक्रांतीचा दिवस. शहरभर पोलीस. अर्ध्या शहरात ढोल, अर्ध्या शहरात दारं बंद. दुपारी माझ्या दारात हातगाडी उभी राहिली. वर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक, आणि गाडी ओढणारा जाधव. केस पार पिकलेले.

"चल," म्हणाला.

"आज? अरे, आजचा दिवस बघ!"

"आजच."

मी गाडी मागनं ढकलायला लागलो. चौकात हवालदारानं अडवलं. पोतं सोडायला लावलं, एका टोकाला डोळा लावून आरपार बघितलं. "ह्यात तर कायच नाय!"

"व्हय साहेब," जाधव म्हणाला. "कायच नाय, म्हणून तर निघालोय."

साळवेच्या गल्लीत निळे झेंडे, पताका, लाउडस्पीकर, निळ्या गुलालात माखलेली पोरं. जाधवला ओळखणारे तिथं होते. ढोल थांबला नाही, पण दोघं-चौघं बाजूला सरून उभे राहिले आणि बघत राहिले. साळवे दारात आला. त्याच्या कपाळाला गुलाल होता.

"कशाला आलास?"

"नळी आणलीय."

"मी मागितली नव्हती."

"व्हय."

मला वाटलं, आता हा दार लावणार. वहिनी त्याच्या मागं पदर धरून उभ्या होत्या. साळवेनं नळीवर हात फिरवला. कुठं गंज नव्हता. आत डोकावला. आतला काळा रंग ताजा होता. दर वर्षी दिला असणार. तो आत गेला आणि आरसा घेऊन आला. आरशाला मुलामा चढलेला होता! कधी चढवला, कुणाकडनं, विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानं अंगणात बाज टाकली, तिच्यावर नळी टेकवली, तळाशी आरसा आणि वरच्या टोकाला बघायचं भिंग बसवलं. आरसा नळीत असा बसला, जणू कालच माप घेतलंय. तोवर अंधारलं होतं. पूर्वेला, पत्र्याच्या घरांवरनं व्याध वर आला होता. साळवेनं नळी तिकडं फिरवली आणि डोळा लावला. भिंग आत ढकललं, बाहेर ओढलं, परत आत ढकललं. बराच वेळ. मग तो उठला.

"जमत नाय. नळी लांब पडती."

जाधवचा आवाज चढला. "नळी तेवढीच हाय! एक सूतभर वाढली नाय!"

"ठाऊक हाय. आरसा खोल गेलाय. घासून घासून."

ढोल जवळ येत होता. जाधव नळीकडं बघत राहिला.

"मंग?"

"नळी कापावी लागंल."

"किती?"

साळवेनं आरसा काढून बाजूला ठेवला, खडू घेतला आणि खालच्या टोकाकडनं चांगली हातभर जागा सोडून रेघ मारली. "इथून."

जाधवनं रेघेवर बोट फिरवलं. "कापल्यावर दिसंल? जोडीदार?"

"नाय. त्यो गेला आत. पार चिकटलाय आता व्याधाला. आपल्या हयातीत नाय दिसायचा."

"मंग कापून बघायचं काय?"

साळवे घरात गेला. हॅक्सॉ घेऊन आला आणि जाधवच्या हातात दिली.

"तू काप आधी."

जाधवनं नळी बाजेवरनं खाली घेतली, भर गल्लीत फतकल मारली आणि रेघेवर ब्लेड लावलं. पत्रा करकरला. नळी गडगडायला लागली, तशी साळवेनं चप्पल काढली आणि दुसरं टोक पायानं दाबून धरलं.